गलाईच्या यशोगाथेत 'घट' कोणाच्या खात्यावर?



"सातारा-सांगलीतल्या धातूउद्योगावर संशोधन करायचंय" असं म्हणत कोणी मार्गदर्शकांकडे गेलं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथे खाणी आहेत कुठे?" प्रश्न चुकीचा नाही. हा सगळा मुलूख दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर बसलेला. काळा पाषाण भरपूर, डोंगरमाथ्यावर जांभा, जांभ्यात कुठे लोखंड तर कुठे बॉक्साइट. सोन्याची खाण मात्र एकही नाही. तरीही खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठे महांकाळ आणि साताऱ्यातले माण, खटाव या तालुक्यांतली माणसं पंजाबपासून केरळपर्यंत आणि गुजरातपासून बंगालपर्यंत सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या चालवतात. आपण त्यांना 'गलाईवाले' किंवा 'गलाई बांधव' म्हणतो. विटा हे या व्यवसायाचं माहेर.

या लेखात मी गलाईचा इतिहास सांगणार नाही. गलाईबद्दल आणि एकूणच इथल्या धातूकामाबद्दल जे लिहिलं जातं, ते कसं वाचायचं हे बघायचंय. संशोधनाची तयारी करताना आपण 'साहित्याचा आढावा' नावाचं प्रकरण लिहितो. बहुतेक वेळा तो आढावा नसतो, यादी असते: अमुकने असं म्हटलं, तमुकने तसं म्हटलं. समीक्षा तेव्हा होते, जेव्हा आपण सगळ्या लिखाणाला एकच प्रश्न विचारतो आणि कोण कुठे गप्प बसतं ते नोंदवतो.

माझा प्रश्न गलाईच्या दुकानातलाच आहे. सोनं गाळलं की वजन कमी भरतं. त्या फरकाला 'घट' म्हणतात. घट किती आली आणि ती कोणी सोसायची, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा सगळा व्यवहार उभा असतो. आपणही लिखाणाला हेच विचारू: यात घट किती, आणि ती कोणाच्या खात्यावर टाकली आहे?

आधी एक व्यावहारिक सूचना

जुनी कागदपत्रं शोधताना 'सांगली जिल्हा' असं शोधलंत तर फसाल. 1 ऑगस्ट 1949 ला संस्थानांचे प्रदेश आणि जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. त्याचं 'सांगली' हे नाव 1960 सालचं. म्हणजे खानापूर तालुक्याची इंग्रजी अमदानीतली माहिती साताऱ्याच्या दप्तरात. आटपाडीची मात्र तिथेही नाही, कारण आटपाडी औंध संस्थानात होती. शेजारच्या दोन गावांची कागदपत्रं दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांत विखुरलेली. 'माहिती उपलब्ध नाही' असं प्रबंधात लिहिण्याआधी ती कोणत्या नावाखाली उपलब्ध असेल हे बघा.

पहिलं वाचन: 1885 चं गॅझेटिअर

बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरचा एकोणिसावा खंड साताऱ्याचा, 1885 सालचा. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली झालेलं हे काम आजही आपल्याला टाळता येत नाही. त्यात खनिजांच्या संदर्भात लोखंडाची नोंद येते. महाबळेश्वरच्या परिसरातल्या जांभ्यातून धावड लोक लोखंड गाळायचे. दगड फोडायचा, कोळसा पाडायचा, मातीची भट्टी रचायची, भाता ओढायचा. खाण आणि भट्टी एकाच समाजाच्या हातात होती.

ते बंद का पडलं? गॅझेटिअरचं उत्तर थोडक्यात असं: बाहेरून स्वस्त लोखंड येऊ लागलं आणि जळण महागलं.

इथे थांबा. 'जळण महागलं' हे वाक्य पाऊस पडला किंवा थंडी पडली अशा सुरात येतं. जळण आपोआप महागत नाही. 1878 चा वन कायदा आला, राखीव जंगलं आखली गेली, कोळसा पाडायच्या हक्कावर नियंत्रण आलं. जे सरकार गॅझेटिअर लिहून घेत होतं, तेच सरकार जंगल राखीव करत होतं. म्हणजे लेखकाने कारण दिलं, पण कर्ता गाळला. शिवाय खनिजं एका प्रकरणात आणि माणसं दुसऱ्या प्रकरणात. लोखंड संपल्याची नोंद खनिजांत, धावड मजुरीला लागल्याची गोष्ट लोकवस्तीच्या पानांत. दोन्ही पानं शेजारी ठेवायचं काम वाचकाचं.

याचा अर्थ गॅझेटिअर टाकाऊ आहे असा नाही. ते नसतं तर धावडांच्या भट्ट्यांबद्दल आपल्या हाती फारच थोडं राहिलं असतं. पण त्याची विभागणी तुमच्या प्रबंधाची विभागणी होऊ देऊ नका. सरकारला धातूचा हिशोब हवा होता, म्हणून धातू एका खात्यात आला. घट लोकांनी सोसली, ती दुसऱ्या खात्यात गेली.

दुसरं वाचन: यशोगाथा

आता गलाईवरच्या लिखाणाकडे येऊ. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, स्मरणिका, सत्काराच्या बातम्या. यांचा साचा तुम्हाला पाठ असेल: दुष्काळी भाग, घरची गरिबी, खिशात थोडे पैसे घेऊन परमुलखात गेलेला पोरगा, भट्टीपुढचे कष्ट, प्रामाणिकपणा, मग स्वतःचं दुकान, गावाकडे बंगला, शाळेला देणगी, मंदिराचा जीर्णोद्धार.

या लिखाणाची टर उडवणं सोपं आहे आणि ते करू नये. विद्यापीठांनी ज्या व्यवसायाकडे फारसं पाहिलं नाही, त्याची नावं, गावं, नाती या लिखाणाने जपली. याच परिसरात किर्लोस्करवाडी आहे, आज पलूस तालुक्यात. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला. तिथेही धातू वितळत होता, ओतशाळा होती. पण त्या कारखान्याकडे कार्यालय होतं, नोंदी होत्या, 1920 पासून 'किर्लोस्कर खबर' हे स्वतःचं नियतकालिक होतं. त्यामुळे तिथल्या लोखंडाचा इतिहास लिहिता येतो. गलाईच्या दुकानात मागे राहतं ते वजनाचं चिठोरं, तेही गिऱ्हाईक घेऊन जातं. ज्यांच्याकडे दप्तर नाही त्यांची यशोगाथा हेच त्यांचं दप्तर असतं.

आदर ठेवूनच आता तीन शंका विचारू.

पहिली शंका: दुष्काळ हे कारण पुरेसं आहे का? दुष्काळाने माणूस गाव का सोडतो हे कळतं. तो सोन्याच्या भट्टीपाशीच का पोचतो हे कळत नाही. याच तालुक्यांतून माणसं मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली, गोदीत आणि बाजारात हमालीला गेली. दुष्काळ सगळ्यांना सारखाच होता. मग कोण गिरणीत आणि कोण गलाईत, हे कशाने ठरलं? उत्तर नात्यांच्या जाळ्यात आहे. मामाने भाच्याला नेलं, चुलत्याने पुतण्याला. पोरगा दुकानातच राहिला, तिथेच जेवला, झाडलोटीपासून सुरुवात करून भट्टी शिकला आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकलं. सोन्याच्या धंद्यात अनोळखी माणसाला कोणी भट्टीजवळ उभं करत नाही. म्हणून इथे नातं हेच भांडवल, आणि नातं हाच जामीन. पण ज्याला असा मामा नव्हता त्याचं काय? कोणत्या जातीच्या, कोणत्या वाडीवरच्या पोराला हा दरवाजा उघडाच नव्हता? यशोगाथा यावर बोलत नाही, कारण ती दरवाजातून आत गेलेल्यांनीच सांगितलेली असते. संख्याशास्त्रात याला 'तगलेल्यांचाच नमुना' म्हणता येईल: परत आलेले, बुडालेले, आजारी पडलेले लोक आपल्या यादीत येतच नाहीत.

शिवाय दुष्काळ म्हणजे नुसता पाऊस नव्हे, हे खानापूर तालुक्यानेच महाराष्ट्राला शिकवलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कामगार गावी परतले. त्यांतल्या काहींनी आणि तिथल्या तरुणांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून 'दुष्काळ का पडतो?' याचाच शोध सुरू केला. येरळेतली वाळू बेसुमार उपसली जात होती, नफा ठेकेदाराला आणि कोरड्या विहिरी गावाला. मग बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशातून बळीराजा धरण उभं करण्याचा मार्ग काढला. शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी केलेलं हे उत्तम संशोधन होतं. ज्या तालुक्यात लोकांनी दुष्काळालाच प्रश्न विचारला, त्या तालुक्यावरच्या प्रबंधात 'दुष्काळामुळे स्थलांतर झाले' एवढ्यावर पूर्णविराम देणं बरं दिसत नाही.

दुसरी शंका: बायका कुठे आहेत? पुरुष कोचीला किंवा कोलकात्याला असताना शेती, जनावरं, म्हातारी माणसं कोणी सांभाळली? नवऱ्यासोबत परमुलखात गेलेल्या बाईने दुकानातल्या चार-पाच पोरांचा स्वयंपाक वर्षानुवर्षं केला असेल, तर तो व्यवसायाच्या खर्चात कुठे धरला? मजुरी नसलेल्या या कामाशिवाय ते दुकान किती दिवस चाललं असतं, हे कोणीतरी मोजायला हवं.

तिसरी शंका शरीराबद्दल आहे. ती समजायला भट्टीपाशी जावं लागेल.

भट्टीतला हिशोब

समजा 100 ग्रॅम जुने दागिने गाळायला आले. मुशीत घातले, टाकणखार टाकला, वितळवले. सोन्याचा द्रवणांक 1064 अंश सेल्सिअस, तेव्हा भट्टी त्याहून बरीच वर न्यावी लागते. गार झाल्यावर वजन केलं, समजा 98 ग्रॅम भरलं. 2 ग्रॅम गेले कुठे?

काही भाग मळ, लाख, मीना. तो जळाला किंवा टाकणखाराच्या काचेसारख्या थरात अडकला. काही भाग सांध्यावरची झाळ. इथे जरा बारकाईने बघा. 'केडीएम' म्हणून जे दागिने वर्षानुवर्षं विकले गेले, त्यांच्या झाळीत कॅडमियम असे. कॅडमियम 767 अंशालाच उकळतं. म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी कॅडमियमची वाफ होऊन हवेत जाते. जस्ताचंही तसंच, ते 907 अंशाला उकळतं. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. केडीएमविरुद्ध बोलताना आपण दागिना घडवणाऱ्या कारागिराचा विचार करतो. तोच दागिना वीस वर्षांनी गाळायला येतो तेव्हा उरलेलं कॅडमियम गलाईवाल्याच्या वाट्याला येतं.

पुढची पायरी शुद्धीकरणाची. सोन्यात चांदी मिसळून साधारण एकास तीन असं प्रमाण करतात, त्याचा रवा पाडतात आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तपकिरी चुरा होऊन तळाशी राहतं. तो धुवायचा, पुन्हा गाळायचा, लगड तयार. विरघळलेली चांदी वाया जात नाही. द्रावणात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी खाली बसते आणि तांबं विरघळून पाणी निळं होतं. आता तीन धातूंचा हिशोब मांडा. सोनं गिऱ्हाईकाला गेलं. चांदी दुकानदाराने परत मिळवली. तांबं निळ्या आम्लयुक्त पाण्यातून निघालं. त्याची नीट विल्हेवाट लावली नाही तर ते गटारात जातं. आणि ॲसिड उकळताना निघणारा तांबूस धूर, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, तो भट्टीपुढच्या माणसाच्या छातीत. या वायूची खोड अशी की त्रास लगेच जाणवेलच असं नाही. श्वास लागणं, फुप्फुसात पाणी होणं काही तासांनीही सुरू होऊ शकतं. रात्री धाप लागली तर माणूस ती दुपारच्या कामाशी जोडेलच याची खात्री नाही.

रसायनशास्त्रात याला वस्तुमानाचा ताळेबंद म्हणतात: जेवढं आत गेलं तेवढं कुठेतरी बाहेर आलंच पाहिजे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही सवय उसनी घ्यावी असं मला वाटतं. यशोगाथेत सोनं आणि चांदी आहे. तांबं, जस्त, कॅडमियम आणि तांबूस धूर नाही.

ही माहिती सरकारी आकडेवारीत तरी सापडेल का? कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. तीत शिशाची विषबाधा होती, नायट्रस धुराची विषबाधाही होती. पण तो कायदा लागू व्हायचा तो विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 आणि विजेशिवाय 20 कामगार असतील तेव्हा. 2020 च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत हे आकडे 20 आणि 40 झाले. दोन-चार माणसांचं गलाईचं दुकान दोन्हींच्या बाहेर. म्हणून आकडेवारीत आजार शून्य दिसेल. संशोधक म्हणून हा शून्य नीट वाचा: तो 'आजार नाही' असं सांगत नाही, 'विचारलं नाही' असं सांगतो.

तिसरं वाचन: उद्योगाचा अहवाल

गॅझेटिअर सरकारचं, यशोगाथा समाजाची. आता बाजाराचं लिखाण बघू. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने 2022 मध्ये भारतातल्या सोनं शुद्धीकरण आणि पुनर्वापरावर अहवाल काढला. त्यातले आकडे तुम्हाला अनेक लेखांत भेटतील: 2013 मध्ये देशातली संघटित शुद्धीकरण क्षमता सुमारे 300 टन होती, ती 2021 पर्यंत सुमारे 1,800 टन झाली. 2021 मध्ये भारताने 75 टन सोन्याचा पुनर्वापर केला आणि त्या बाबतीत जगात चौथा क्रमांक लावला.

अहवाल उपयोगी आहे, पण वाचताना तीन गोष्टी सुट्या करा. एक, क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. 1,800 टन गाळता येतं याचा अर्थ 1,800 टन गाळलं जातं असा नाही. दोन, ही वाढ नुसत्या जुन्या दागिन्यांवर झालेली नाही. परदेशी खाणींतून येणारं अर्धशुद्ध सोनं, ज्याला डोरे म्हणतात, त्यावर आयात शुल्कात शुद्ध सोन्यापेक्षा सवलत होती. ती सवलत हे मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांच्या वाढीचं एक ठळक कारण. म्हणजे करधोरणाने वाढवलेल्या उद्योगाला आपण सहज 'आधुनिकीकरण' म्हणून मोकळे होतो. तीन, 'असंघटित' हा शब्द. हे खरं म्हणजे उरलेल्यांचं खातं आहे: ज्यांचे कागद आमच्या नमुन्यात बसत नाहीत ते सगळे. पण गलाईचं जाळं असंघटित कसं? गावोगाव नाती, शिकवायची पद्धत, उधारीचे नियम, शब्दाला किंमत, अडचणीत धावून येणारी माणसं. ही संघटना नाही तर काय? ती करखात्याला दिसत नाही एवढंच.

नियम बदलले तेव्हाही हेच घडलं. सुवर्ण नियंत्रण कायदा 1968 चा, तो 1990 मध्ये रद्द झाला. त्या काळात शुद्धीकरणाला परवाना लागायचा. 16 जून 2021 पासून पहिल्या टप्प्यात 256 जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी आली. ग्राहकासाठी हे चांगलंच झालं. पण डोळ्याने आणि हाताने 'टंच' ओळखायचं जे कसब गलाईवाल्याला मान देत होतं, त्याची जागा आता यंत्र घेतंय. गंमत अशी की दुकानात सर्रास दिसणारं क्ष-किरणांचं यंत्र मुख्यतः पृष्ठभागच वाचतं. आतली भेसळ पकडायला शेवटी वितळवून, गाळूनच बघावं लागतं. कसब संपलेलं नाही, त्याचा भाव कोण ठरवणार ते बदललंय.

आणखी एक घट अहवालात नसते: संशयाची. सोनं वितळलं की त्याची ओळख पुसली जाते. त्यामुळे चोरीचा माल कुठेही सापडला तरी पोलिसांची नजर गलाईच्या दुकानाकडे वळते. चोरीचा माल घेण्याचं कलम आधी भारतीय दंड संहितेत 411 होतं, आता भारतीय न्याय संहितेत 317 आहे. या कलमाखाली आपल्याला नाहक गोवलं जातं ही गलाई बांधवांची जुनी तक्रार. काही दुकानदार खरोखरच डोळेझाक करत असतील. पण संशोधकाने 'गुन्हेगार की बळी' या भांडणात अडकू नये. सोन्याची ओळख पुसली जाणं हा बाजारातल्या सगळ्यांच्या सोयीचा भाग आहे. विकणाऱ्याला ते हवं असतं, सराफाला चालतं. जोखीम मात्र एकाच दुकानावर येते, आणि त्या दुकानाची भाषा, माणसं, वकील सगळंच तिथे परकं असतं.

मग आपण काय लिहायचं?

इथवर वाचून कोणी म्हणेल, ठरलं, मी गलाई कामगारांच्या आरोग्यावर प्रबंध करणार. जरूर करा. पण आधी या विषयातली खरी अडचण समजून घ्या.

2023 च्या हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडली, तेव्हा महापालिकेने काळबादेवी भागातल्या सोनं-चांदी गाळणाऱ्या काही भट्ट्यांची धुराडी काढून टाकली. शहराच्या हवेसाठी ते योग्यही असेल. पण धुराडं काढलं म्हणजे धूर संपतो का? भट्टी पूर्ण बंद झाली तर रोजगार जातो, आणि ती कुठेतरी धुराड्याविना चालू राहिली तर धूर खोलीतच कोंडतो. म्हणजे दाखवलेल्या घटीचा भारही पुन्हा त्याच माणसावर पडू शकतो. तुम्ही प्रबंधात दुकानाचा पत्ता, गल्ली, फोटो दिलात, तर तुमचं संशोधन कारवाईचा पुरावा होऊ शकतं. तुमची पदवी होईल, त्याचं दुकान जाईल. म्हणून या विषयात नाव-गाव झाकणं हा नैतिकतेच्या फॉर्मवरचा एक रकाना नाही, पहिली अट आहे. आणि निष्कर्ष लिहिताना 'प्रदूषण होते' एवढंच लिहून थांबू नका. धूर शोषणारी बंद पेटी, सांडपाण्याचं सामायिक शुद्धीकरण, छोट्या दुकानांना लागू होईल अशी आरोग्यतपासणी, याला पैसे कोणी द्यावेत हेही लिहा. सोनं स्वस्तात शुद्ध होऊन मिळतं याचा फायदा सराफाला आणि आपल्याला होतो. तेव्हा खर्चात वाटा कोणाचा असावा हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेतच येतो.

उलट दुसऱ्या बाजूला झुकू नका. काही विद्यार्थ्यांना समीक्षा म्हणजे यशोगाथा खोटी ठरवणं वाटतं. ती खोटी नाही. धावडांची भट्टी विझली आणि गलाईवाल्यांची देशभर पेटली, यात त्यांचं धाडस आणि कसब आहेच. आपण फक्त ताळेबंद पुरा करायचा.

सरावासाठी एक काम सुचवतो. तुमच्या विषयावरचा कोणताही एक लेख, अहवाल किंवा सरकारी नोंद घ्या आणि कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, या लिखाणात काय मोजलंय. दुसऱ्यात, कोणत्या वाक्यात कर्ता गायब आहे: 'महागलं', 'बंद पडलं', 'स्थलांतर झालं', 'आधुनिकीकरण झालं'. तिसऱ्यात, मोजलेल्या गोष्टीतून जे वजा झालं ते कोणाकडे गेलं. पहिला रकाना सहज भरतो. दुसऱ्याला पेन्सिल घेऊन पुन्हा वाचावं लागतं. तिसरा बहुतेक वेळा रिकामा राहतो, आणि तो भरायला गावात, दुकानात, दवाखान्यात जावं लागतं. तुमच्या संशोधनाचा आराखडा त्या तिसऱ्या रकान्यापासून सुरू करा. मार्गदर्शकांनी "खाणी आहेत कुठे?" असं विचारलं, तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवा.